एफ-११७ नाइटहॉकची २००८ मधील निवृत्ती: वेळेवर की अकाली?

आकाशवेध:
अमेरिकी हवाई दलाने २२ एप्रिल २००८ रोजी एफ-११७ हे रडारला सहज न दिसणारे, म्हणजेच ‘अदृश्य’, हल्ला करणारे विमान अधिकृतपणे सेवेतून काढले, आणि ‘चांगले विमान अकाली मोडीत काढले’ ही हळहळ आजही वाचायला मिळते. माझे मत याच्या उलट आहे. या विमानाची मर्यादा त्याच्या वयात नव्हती, ती त्याच्या आकारातच होती.

मॉस्कोतील भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी वस्तूच्या कडांवरून रेडिओलहरी कशा विखुरतात याचे गणित १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. हे विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीचे गणितज्ञ डेनिस ओव्हरहोल्सर यांनी ते भाषांतरातून वाचले आणि त्याच्या आधारे रडारला कमीत कमी दिसेल अशा विमानाच्या आकाराचा हिशेब मांडला. पण तेव्हाच्या संगणकांना फक्त सपाट पृष्ठांचाच हिशेब झेपत होता, म्हणून सगळे विमान पैलू पाडल्यासारखे झाले. हा आकार हवेत इतका अस्थिर होता की संगणकाच्या मदतीशिवाय ते उडवणे अशक्य होते. त्याला आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी व्यवस्था) नव्हता, स्वतःचे रडार नव्हते आणि वेगही ध्वनीपेक्षा कमी होता. पुढे संगणकांची ताकद वाढल्यावर बी-२ या नंतरच्या अदृश्य बॉम्बफेकी विमानाला वक्र पृष्ठे मिळाली, पण एफ-११७ ला नव्याने घडवणे शक्य नव्हते. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियातील बुद्यानोव्त्सी गावाजवळ १९६०च्या दशकातल्या एस-१२५ क्षेपणास्त्राने ते पाडले गेले, तेव्हाच त्याचा काळ सरला असे मी मानतो.

सह्यकडा:
आकाशवेध, आकाराचा इतिहास आपण नेमका सांगितलात, पण निष्कर्ष मला पटत नाही. रडारचा पल्ला परावर्तित क्षेत्राच्या, म्हणजे विमान रडारच्या लहरी किती परत फेकते त्या मापाच्या, चौथ्या मूळाप्रमाणे घटतो. म्हणजे परावर्तन दहा हजार पटींनी कमी केले, तर २०० किलोमीटरवरून दिसणारे विमान साधारण २० किलोमीटरवर येईपर्यंत दिसत नाही. या फायद्याला गोलाई असण्या-नसण्याने बाध येत नाही. ते पाडणाऱ्या सर्बियन तुकडीकडचे पी-१८ रडार मीटरभर किंवा त्याहून लांब लहरींवर चालत होते, हे खरे. पण अशा लहरींपुढे एफ-२२ सारख्या नव्या लढाऊ विमानाचेही अदृश्यत्व कमी होतेच, मग तेवढ्या कारणाने एकट्या एफ-११७ ला बाद कसे ठरवायचे?

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निवृत्तीचे समर्थन करताना एफ-२२ कडे बोट दाखवले गेले आणि पैसाही तिकडे वळवण्यात आला. मात्र एफ-११७ आपल्या पोटात दोन हजार पौंडांचे दोन लेझर-मार्गदर्शित बॉम्ब नेत असे, तर एफ-२२ च्या पोटात एक हजार पौंडांचे दोनच मावतात. जमिनीखालच्या पक्क्या बंकरसाठी हा फरक निर्णायक असतो. दोन हजार पौंडांचा बॉम्ब पोटात नेणारे एफ-३५ए हे नवे अदृश्य लढाऊ विमान अमेरिकी हवाई दलात लढण्यासाठी सज्ज झाल्याचे जाहीर व्हायला २०१६ उजाडले. तोवरची आठ वर्षे हे काम केवळ थोड्याशा बी-२ विमानांवर पडले, आणि ही उणीव २००८ मध्येच स्पष्ट दिसत होती.

परदेशी पाटील:
ओहायोतील डेटनच्या हवाई दल संग्रहालयात मी हे विमान जवळून पाहिले आहे. इंजिनांच्या हवा-छिद्रांवर बारीक जाळी आहे, प्रत्येक दाराची कड करवतीच्या दातांसारखी कापलेली आहे आणि नाकावरच्या चारही नळ्यांनासुद्धा पैलू पाडलेले आहेत. एवढ्या काटेकोरपणे घडवलेल्या विमानाच्या पाडावात मला डिझाइनपेक्षा सवयीचा दोष अधिक दिसतो. रोज त्याच त्या मार्गांनी उड्डाणे होत राहिली. ते पाडणारी कर्नल झोल्तान दानी यांची सर्बियन तुकडी मात्र सतत जागा बदलत होती आणि रडार काही सेकंदांपुरतेच चालू करत होती. त्यामुळे त्या रात्रीच्या घटनेला निवृत्तीचे कारण मानणे योग्य नाही, या बाबतीत मी सह्यकडा यांच्या बाजूने आहे.

आकाशवेध:
दोन हजार पौंडांचा मुद्दा मी मान्य करतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मार्गांबाबत पाटीलजींचे म्हणणेही खरे आहे. तरीही १९९१ च्या आखाती युद्धातील कामगिरीबद्दल जे दावे झाले, त्यांची पडताळणी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७ मध्ये केली, तेव्हा ८० टक्के नेम लागल्याच्या दाव्याच्या जागी ४१ ते ६० टक्के हा आकडा पुढे आला. त्या युद्धात एकही एफ-११७ गमावले नाही, याचा आदर ठेवूनच मी हे लिहितो आहे. ढग आणि धूर लेझरच्या आड आले की स्वतःचे रडार नसलेल्या विमानाकडे दुसरा मार्ग उरत नसे. पुढे उपग्रहाच्या आधाराने जाणारे बॉम्ब मिळाले आणि २० मार्च २००३ रोजी बगदादजवळच्या दोरा फार्म्सवर त्यांचा वापरही झाला, पण तोवर केवळ ५९ उत्पादित विमानांच्या छोट्या ताफ्याची देखभाल फार महाग पडू लागली होती.

सह्यकडा:
महाग पडत होती, हे मला मान्य आहे. पण ही विमाने नेवाडातील टोनोपा येथे जपून ठेवली गेली, काही उडत राहिली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे एफ-१५ च्या वैमानिकांना अदृश्य शत्रूचा सराव देण्यासाठी त्यातली दोन उतरली. सरावाचा शत्रू म्हणून जे विमान तेरा वर्षांनंतरही शोधायला कठीण ठरते, त्याची किमान एक स्क्वाड्रन एफ-३५ए येईपर्यंत राखायला हवी होती, या मतावर मी ठाम आहे.