लुआंग प्रबांगची मंदिरे सायकलवरून पाहावीत काय?

प्रश्न (खानापूर)

सप्रेम नमस्कार. येत्या हिवाळ्यात पत्नीसह लाओसमधील लुआंग प्रबांगला जाण्याचे योजिले आहे. आम्ही दोघेही साठीच्या आसपासचे असलो, तरी सुट्टीच्या दिवशी हलशीपर्यंत सायकलने जाऊन भूवराह नृसिंहाचे दर्शन घेऊन परतण्याचा परिपाठ अद्याप सुटलेला नाही. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात तेथील मंदिरांना अर्धा दिवस आणि धबधब्याला अर्धा दिवस, एवढीच वाटणी दिसते. आम्हाला निवांत राहून गाव पाहायचे आहे. सायकल कितपत उपयोगी पडेल? क्वांग सी धबधब्यापर्यंत सायकलने जाता येईल का?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

जरूर जावे, मात्र सायकल नेमकी कुठे लागते, हे आधी ठरवावे. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या संगमावर जिभेसारखा पुढे आलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा, हेच जुने गाव. १९९५ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. मुख्य रस्त्यावर विहारांचे आवार एकमेकांना इतके लागून आहेत, की दर दोन-तीन मिनिटांनी उतरून कुलूप लावावे लागते. हा भाग माझ्या मते पायीच पाहावा.

सायकलीचे खरे चीज होते ते नाम खानच्या पलीकडे. जुन्या लोखंडी पुलावरून फक्त दुचाकीस्वार आणि पादचारी जातात. तो ओलांडून डावीकडे वळलात, की सपाट रस्त्याने थोड्याच वेळात बान सांग खोंग हे विणकरांचे आणि कागद करणाऱ्यांचे गाव लागते. तुतीच्या जातीतील एका झाडाची साल भिजवून, शिजवून व कुटून केलेला लगदा पाण्यात बुडवलेल्या जाळीदार चौकटीत ओततात, हाताने सारखा पसरतात, त्यावर फुले-पाने मांडतात आणि चौकट तशीच उन्हात तिरकी टेकवून ठेवतात. वाळलेला कागद सोलून काढताना होणारा आवाज ऐकण्यासाठी तरी तेथे थांबावे. घरांच्या पुढच्या पडवीत हातमाग असतात आणि बसून पाहिले तरी कोणी हरकत घेत नाही.

क्वांग सी सुमारे तीस किलोमीटर दूर आहे आणि वाट चढउताराची आहे. भाड्याने मिळणाऱ्या सायकली बहुधा बिनगिअरच्या, पुढे टोपली असलेल्या असतात. तसल्या सायकलीवर जांबोटीकडचे चढ आपण चढाल काय? धबधब्याला सरळ वाहन करून जावे. सायकल घेताना ब्रेक मात्र स्वतः तपासून घ्यावेत आणि तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, हे पहिल्या दिवशी तरी एकमेकांना बजावत राहावे.

उत्तर (निपाणी)

वरील मताशी बव्हंशी सहमत आहे. तथापि जुन्या गावातही पहाटेनंतरच्या तासाभरात, दुकाने उघडण्यापूर्वी, सायकल फार सुखाची वाटते, कारण मालमोटारी आणि मोठ्या बसगाड्यांना तेथे मज्जाव आहे.

मंदिरांपैकी एकालाच भरपूर वेळ द्यायचा झाल्यास टोकाचे वाट शिएंग थोंग निवडावे (लाओ भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार). राजा सेट्ठाथिरात याने ते सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधले. मुख्य सभागृहाचे एकावर एक बसवलेले छप्पर दोन्ही बाजूंनी जवळजवळ जमिनीकडे झुकते, आणि मागील भिंतीवर तांबड्या पार्श्वभूमीवर रंगीत काचांचा वृक्ष आहे. शेजारच्या लहानशा देवघराच्या गुलाबी भिंतींवर काचेच्याच तुकड्यांनी खेड्यातील रोजचे व्यवहार रेखाटले आहेत. हे काम बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त झाले. त्याच निमित्ताने आपल्याकडे १९५६ साली बुद्धजयंतीचा मोठा सोहळा झाला आणि त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, हे मनात ठेवून त्या भिंती पाहिल्या तर त्यांच्याशी वेगळेच नाते जडते.

त्याच आवारात राजाच्या अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली इमारत आहे. तिच्या सोनेरी मुलाम्याच्या लाकडी दर्शनी भागावर रामायणातील प्रसंग कोरलेले आहेत. लाओ रामकथेला ‘फ्रा लाक फ्रा लाम’ म्हणतात. लक्ष्मणाचे नाव तेथे आधी येते. बाकी वाट विसुन (१५१३) आणि त्यासमोरील कलिंगडाच्या आकाराचा स्तूप पाहावा. फू सी टेकडीला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. सूर्यास्ताला तेथे इतकी गर्दी उसळते, की सकाळी चढणेच शहाणपणाचे.

उत्तर (हिंडलगा)

काकांनी विचारले नसले, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. पहाटे भिक्खू अनवाणी, रांगेने भिक्षेला निघतात आणि रस्त्याकडेला बसलेले लोक त्यांच्या पात्रांत चिकट भाताचा घास घालतात. त्या वेळी त्या रस्त्यावर सायकल चालवू नये. पलीकडच्या बाजूला उतरून उभे राहावे. मी पाहिलेल्या काही पर्यटकांनी भिक्खूंच्या तोंडासमोर मोबाईल धरले होते, ते पाहून लाज वाटली. विक्रेत्यांकडून घाईने भात विकत घेऊन दान करण्यापेक्षा नुसते पाहणे अधिक बरे. काकूंनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही, अशा अंतरावर राहावे. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत.

आपण शाकाहारी असाल, तर पाडेक या आंबवलेल्या माशांच्या रसाविषयी प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारावे, कारण तो भाजीतही असतो. नदीतील शेवाळाचे तीळ लावून वाळवलेले व तळलेले पापड, म्हणजे काइपेन, अवश्य चाखावेत. मात्र सोबतच्या चटणीत बऱ्याचदा मांस असते.

प्रश्नकर्ता (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही शाकाहारीच आहोत, त्यामुळे शेवटची सूचना विशेष मोलाची. नाम खानवर बांबूचा पूल असल्याचे ऐकले आहे. तो कोणत्या महिन्यांत असतो?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

पावसाळ्यात नदी चढते तेव्हा तो नसतो. पाणी ओसरल्यावर दरवर्षी नव्याने बांधतात. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मिळेल. थोडी रक्कम देऊन पायी ओलांडता येतो. मार्च-एप्रिल टाळावा, कारण डोंगरउतारावरील शेतीसाठी रान जाळल्याने तेव्हा हवेत धूर दाटलेला असतो आणि फू सीवरून मेकाँगही नीट दिसत नाही.