सलग पांढरी रेष आणि पुढे सायकल: ओलांडायची का? (इंग्लंड)

शेफील्डची_मेघा:
भारतातलं लायसन्स इथे वर्षभर चालतं, माझे सात महिने झालेत. रविवारी आईबाबांना घेऊन मँचेस्टरहून ए५७ ने, स्नेक पासमधून परतत होते. ग्लॉसॉप सोडलं की चढ लागतो. पुढे एक आजोबा सायकलवर, मध्ये दुहेरी रेष, माझ्या बाजूची सलग. माझा काटा ६ मैलांवर. मागे सात-आठ गाड्या, त्यातल्या एकाने हॉर्न मारला. बाबा म्हणाले, "अगं, समोर कोणी नाही, काढ की!" मी नाही काढली. आपल्याकडे घाटात ती रेष कोण बघतं, पण इथे मोडायची नाही असं मी पक्कं ठरवलंय. पुढे ट्रॅक्टर लागला, त्याच्याही मागेच राहिले. चुकलं का माझं?

डर्बीकर:
ट्रॅक्टरमागे थांबलात ते बरोबरच. सायकलला मात्र सवलत आहे. हायवे कोडचा, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतला, नियम १२९ वाचा. सायकल, घोडा किंवा रस्तादुरुस्तीची गाडी १० मैल किंवा त्याहून कमी वेगाने चालली असेल आणि समोरचा रस्ता मोकळा असेल, तर सलग रेष ओलांडता येते. थांबलेल्या गाडीलाही तसंच. ट्रॅक्टर या यादीत नाही, मग तो ५ ने का जाईना. मागे रांग लागली तर त्यानेच जागा बघून बाजूला घ्यायचं, असं नियम १६९ सांगतो. रेष मोडताना सापडलात तर १०० पौंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट.

शेफील्डची_मेघा:
पण त्याचा वेग १० च्या आत आहे हे कळणार कसं?

डर्बीकर:
थोडा वेळ मागे राहून स्वतःचा काटा बघायचा. तुम्ही बघितलातच की.

पेडलवाली:
मी त्याच रस्त्यावर सायकल चालवते. मेघा, मागे राहिलीस त्याबद्दल मनापासून आभार. मला सगळ्यात भीती वाटते ती रेष सांभाळत मला घासून जाणाऱ्यांची. त्यांना वाटतं, रेषेला चाक लागलं नाही म्हणजे नियम पाळला! सायकलपासून किमान दीड मीटर सोडायचं असतं, आणि तो अरुंद रस्ता बघता तेवढं सोडायला पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागतं. वळणापलीकडचं दिसत नसेल तर जाऊच नये. घोडा असेल तर दोन मीटर, आणि आपलाही वेग १० च्या आत.

शेफील्डची_मेघा:
तिथे पुढे वळणच होतं गं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. बाबांना आत्ताच १२९ वाचून दाखवला.