पाच वर्षं मिलिटरी?
एका दादांनी लिहिलं की पाच वर्षं देश मिलिटरीच्या हाती द्या, सगळे सरळ येतात. आमच्या यवतमाळकडं कापसाचा भाव पडला की पानठेल्यावर हेच बोलणं सुरू होते, अन् तो राग खोटा नाही भाऊ. पण इजिप्तमध्ये २०१३ ला सैन्यानं निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष मोर्सीले हटवलं तेव्हा तहरीर चौकात लोकायनं फटाके फोडले, अन् वर्षभरात लष्करप्रमुख सीसीच राष्ट्राध्यक्ष झाला, तो अजून खुर्चीवर हाय. म्यानमारात २०२१ ला सैन्यानं सत्ता बळकावली तेव्हा लोकं रात्री घराघरातून भांडे वाजवून विरोध करत होते, तरी गोळीबार झालाच. आमदार कामाचा नसला तर आपण त्याले पाडतो, जनरलले कसं पाडणार? अन् पीकविम्यासाठी आपण तहसीलच्या गेटसमोर सडकं सोयाबीन ओतून साहेबाले बाहेर बोलवतो, तिथं बंदूकवाला उभा असल्यावर पोतं घेऊन कोण जाईल सांगा.