कॉक्लिअर इम्प्लांट स्विच-ऑन (पहिल्यांदा चालू) होऊन 4 महिने झाले, अजून एकही शब्द नाही. मॅप (इम्प्लांटची सेटिंग) वाढवून मागावा का?

प्रश्न:
मुलगी 20 महिन्यांची आहे, दोन्ही कानांत कॉक्लिअर इम्प्लांट (श्रवण-नसेला विजेचे संकेत देणारं, शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) आहे. हाक मारली की कधी वळते, कधी नाही. 'आऽऽ', 'ऊऽऽ' असे लांब सूर काढते, पण शब्द नाही. घरात दिवसभर 'आई म्हण, बाबा म्हण' चालू असतं. अ‍ॅपमध्ये वापर रोज सरासरी 6 तास दिसतो. पुढच्या मॅपिंगला लेव्हल (संकेताची ताकद) वाढवून मागावी का? आणि खुणा करणं बंद करायचं का?

उत्तर 1 (स्पीच थेरपिस्ट):
तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा 4 महिने नाही, 6 तास आहे. या वयाचं मूल दिवसाला साधारण 10-11 तास जागं असतं, म्हणजे जवळजवळ निम्मा दिवस तिला काहीच ऐकू येत नाही. आधी हे भरून काढा. डोळे उघडले की प्रोसेसर (आवाज टिपणारा बाहेरचा भाग) कानावर, झोपली की काढायचा. डोक्याला मॅग्नेटने चिकटणारी कॉइल सारखी पडत असेल तर मॅग्नेटची ताकद तपासून घ्या. मात्र मॅग्नेटखालची कातडी लाल दिसली तर तो जास्त जोराचा आहे, लगेच दाखवा.

शब्दांचं म्हणाल तर तिचं श्रवण-वय (स्विच-ऑनपासून मोजलेलं) 4 महिन्यांचं आहे. आता बघायचं ते असं: प्रोसेसर लावल्यावर ती जास्त आवाज काढते का, सुरात चढउतार येतो का, 'बाबाबा', 'मामामा' अशी व्यंजनं जोडली जातात का. समजणं आधी येतं, बोलणं मागून.

'म्हण, म्हण' थांबवा, ती परीक्षा होते. त्याऐवजी वाक्याच्या शेवटी येणारा शब्द ठसवा: 'चेंडू दे… दे!' मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याचा फायदा घ्या. मग गप्प बसून 5 ते 10 सेकंद थांबा. बहुतेक पालक दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

उत्तर 2 (ऑडिओलॉजिस्ट):
लेव्हल वाढवून मागू नका, निरीक्षणं घेऊन या. या वयात मूल 'मोठं वाटतं' असं सांगत नाही, म्हणून मॅप करताना वागणं, नसेचा प्रतिसाद आणि स्टेपिडियल रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला कानातल्या स्नायूचं आपोआप आकुंचन) यांवर भिस्त असते. लेव्हल गरजेपेक्षा जास्त गेली की मूल डोळे मिटतं, दचकतं, कॉइल ओढतं. आवाजाबरोबर चेहऱ्याचा स्नायू फडफडत असेल तर तेही सांगा. एखादा इलेक्ट्रोड चेहऱ्याच्या नसेलाही चेतवत असू शकतो.

रोज सकाळी लिंग (Ling) चाचणीचे, बोलण्यातले खालचे ते उंच सूर तपासणारे सहा ध्वनी घ्या: म, ऊ, आ, ई, श, स. एकेक कान वेगळा तपासा. इथे एक चूक नेहमी होते. 'स' म्हणताना आपण त्यात 'अ' मिसळतो आणि मूल त्या 'अ'ला प्रतिसाद देतं. म्हणून नुसतं 'स्‌स्‌स्', ओठ मिटून 'म्‌म्‌म्'. क्रम रोज बदला, मधला वेळ कमीजास्त ठेवा. ठरावीक अंतराने आवाज दिला तर मूल ताल धरतं.

आधी 1 मीटरवरून, मग 2, मग 3. चोखणं थांबलं, वर पाहिलं, तरी ऐकलं असं धरा. दोन वर्षांच्या आसपास 'ऐकलं की ठोकळा डब्यात' हा खेळ जमतो.

बाकीचे ध्वनी येतात आणि काल येणारे 'स', 'श' आज गायब, असं झालं तर पहिला संशय मायक्रोफोनच्या जाळीवर. घाम, धूळ साचली की उंच ध्वनी आधी जातात. जाळी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला आणि रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये (ओल शोषणाऱ्या डब्यात) ठेवा. जाळी बदलूनही 'स' येत नसेल, तर मग मॅपचं बोलू. सगळेच ध्वनी गेले असतील तर बॅटरी, केबल, कॉइल. मॉनिटर इअरफोन (मायक्रोफोनचा आवाज पालकांना ऐकवणारा) लावून फक्त मायक्रोफोन कळतो, कॉइलच्या पुढचं काही कळत नाही.

उत्तर 3 (श्रवण-वाचा प्रशिक्षक):
एक भर: चाचणी घेताना तोंडावर हात धरू नका, 'स' त्यातच दबतो. मागे किंवा बाजूला बसा.

खुणा बंद करायची गरज नाही, क्रम बदला. आधी आवाज, मग वस्तू किंवा खूण, मग पुन्हा आवाज. 'भूभू!' म्हणा, थांबा, तिने आजूबाजूला पाहिलं की कुत्रा दाखवा, परत 'भूभू!' टीव्ही आणि पंखा बंद, अंतर हातभर. गोंगाटात इम्प्लांटवाल्या मुलाला आपल्यापेक्षा बरंच कमी उलगडतं.

दिवसभर वापर, ठीक मॅप आणि नियमित थेरपी असूनही श्रवण-वय 6 महिने झाल्यावर बडबडीत काहीच बदल नसेल तर थांबू नका. श्रवण-नस, इलेक्ट्रोडची जागा आणि विकासाच्या इतर बाजू टीमकडून पुन्हा तपासून घ्या.