गाडीचं ॲव्हरेज १३ वर आलंय, चालवण्यात काय बदलू?

हिंजवडी_वारी:
१२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल, २०१९ ची. रोज कोथरूड ते हिंजवडी फेज २ आणि परत, महिन्यातून एकदा साताऱ्याला गावी. परवा टाकी टू टाकी मोजलं, ४१२ किमीला ३१.५ लिटर, म्हणजे जेमतेम १३. डिस्प्ले मात्र १५.२ दाखवतो, तो कुणाला खूश करायला ठेवलाय देव जाणे. सर्व्हिसिंग झालंय, एअर फिल्टर नवीन, मेकॅनिक म्हणाला गाडीत काही नाही, तुमच्या पायात आहे. आता पायाचं काय करू ते सांगा. आणि बाबा शेजारी बसले की उतार आला रे आला 'न्यूट्रल कर, न्यूट्रल कर' सुरू, त्यांनी वीस वर्षं फिएट चालवलीय त्यामुळे मला बोलायची सोय नाही. खरंच वाचतं का त्याने?

चौथा_गिअर:
मेकॅनिक शहाणा आहे तुमचा. ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल ब्रेक पॅडवर घासून टाकलं, एवढं डोक्यात ठेवा. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तरी आपण तिथपर्यंत रेस देत जातो आणि मग कचकन थांबतो, कशासाठी? लांबूनच पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू दे, बऱ्याचदा पोचेपर्यंत हिरवा होतो आणि पहिल्या गिअरपासून सुरुवात करावी लागत नाही. भूमकर चौकाच्या रांगेतही तेच, पुढच्याला चिकटू नका, थोडं अंतर सोडून दुसऱ्यात हळूहळू सरकत राहा. रिक्षा घुसेल. घुसू दे.

गिअर साधारण २००० आरपीएमला वरचा टाका, पण चौथ्यात २५ च्या स्पीडने गाडी कण्हायला लागली तर खालचा टाका, तिला मारून मुटकून ओढण्यात काही वाचत नाही. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती आधी मोडा. हायवेला ८०-८५ धरा, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे ९४ किमी, १०० ने ५६ मिनिटं आणि ८५ ने ६६, तेही रस्ता मोकळा मिळाला तर. त्या दहा मिनिटांत फूड मॉलला चहाची रांगसुद्धा संपत नाही.

सह्यमित्र:
टायरची हवा बघितली का? पंपावर 'कितीची भरू' विचारलं की आपण ठोकून देतो ३०. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळ स्टिकर असतो तो वाचा आणि टायर थंड असताना भरा. डिकीत गावच्या तांदळाचं पोतं महिनाभर फिरत असेल तर तेही उतरवा.

पेट्रोलपीडित:
कितीही जपून चालवा, ई२० पेट्रोल आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. थोडा फटका बसणारच.

चौथा_गिअर:
बसतो ना, पण टक्क्यांत बसतो हो, त्याने २० चं १३ होत नाही.

नऊवारी_ड्रायव्हर:
न्यूट्रलचं सांगते, कारण आमच्याकडेही हाच वाद होता. बाबा त्यांच्या काळात बरोबर होते. कार्ब्युरेटरची गाडी उतारावर गिअरमध्ये असली तरी पेट्रोल ओढायचीच. आताच्या फ्युएल इंजेक्शनमध्ये गिअर असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर बंदच होतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि इंजिन ब्रेकिंग जातं ते वेगळंच. साताऱ्याहून येताना खंबाटकी बोगद्यानंतरचं ते वळण आठवा, किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड गाडीने बऱ्याच गाड्या ठोकल्या, उतारावर इंजिन बंद केलं होतं असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा आणि स्टिअरिंगही जड. दोन रुपयांचं पेट्रोल वाचवायला नको हा खेळ.

हिंजवडी_वारी:
दीड महिन्याने येतोय, माफी. हवा स्टिकरप्रमाणे ३३ केली (२६ निघाली!), बाकी फक्त पाय लवकर काढतोय. शेवटची टाकी ४५२ किमीला ३० लिटर, म्हणजे १५. ऑफिसला पोचायला तेवढाच वेळ लागतो, हे मला पटायलाच दोन आठवडे गेले. खंबाटकीनंतरच्या उतारावर गिअरमध्ये पाय काढला तर डिस्प्लेवरचा आकडा थेट ९९.९, तो बाबांना दाखवला. म्हणाले, 'तूच म्हणालास ना हे यंत्र खोटं बोलतं?'