आधी डीएनए की आधी कागद? दत्तक गेलेल्यांनी जन्मदाते शोधण्याबद्दल

जुनीनक्कल

पाणवठा यांचा कालचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. ते लिहितात: दत्तक संस्था काही सांगत नाहीत, अर्जविनंत्यांत वर्षं घालवू नका, डीएनए किट मागवा, एखादं आडनाव हाती लागलं की भारतात माणूस नेमा आणि त्याला गावात चौकशीला पाठवा. या पायऱ्या उलट्या आहेत, आणि शेवटची तर धोक्याची आहे.

आधी एकच गोष्ट शोधायची. मूल आईनं सोपवलं होतं की बेवारस सापडलं होतं? पुढचं सगळं यावर ठरतं. सोपवलेलं असेल तर सरेंडर डीड (मूल सोपवल्याचा लेखी दस्त) असते, तिच्यावर आईची सही किंवा अंगठा आणि साक्षीदार असतात. आई बोलायला तयार नसली तरी साक्षीदार कोण होते, एवढ्यावरून खूप कळतं. मूल सापडलेलं असेल तर आईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, आणि तेव्हा संस्था "माहिती नाही" म्हणते ते खरंच असतं. तिथे पोलीस ठाण्याच्या डायरीतली नोंद शोधायची, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 317 खाली (मूल टाकून देण्याचा) गुन्हा नोंदला असेल तर त्याचा क्रमांक शोधायचा, आणि रुग्णालयात डॉक्टरांनी वयाचा काय अंदाज लिहिला ते पाहायचं. जन्मदाखल्यावरची तारीख बहुतेक वेळा त्या अंदाजावरूनच आलेली असते. ती खरी धरून प्रसूती नोंदवही चाळली तर चुकीच्या आठवड्यात शोध चालतो.

मग घरातली फाइल. परदेशी गेलेल्यांच्या बाबतीत 2015 च्या बालन्याय कायद्याआधीची कित्येक प्रकरणं 1890 च्या पालकत्व कायद्याखाली न्यायालयात चालली. तो हुकूम काढा, त्यावरचा अर्ज क्रमांक आणि वर्ष टिपून घ्या. या दोन आकड्यांशिवाय रेकॉर्ड रूममध्ये काही हाती लागत नाही. सोबत बालकाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि जुना भारतीय पासपोर्ट. यांतलं एखादं घरी नसेल तर ज्या परदेशी संस्थेमार्फत दत्तक झालं तिच्याकडे प्रत मागा.

त्यानंतर संस्थेकडे आणि 'कारा'कडे, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाकडे, अर्ज. 2022 च्या दत्तक नियमांनुसार अठरा पूर्ण झालेल्याला तो स्वतः करता येतो, त्याखालच्याला दत्तकपालकांबरोबर. तिऱ्हाइतानं शोध घ्यायला त्याच नियमांत मनाई आहे. म्हणजे पाणवठा यांचा "माणूस" दारात उभा राहिला की संस्था फाइल मिटते, आणि नियमानं तिला तेच करावं लागतं.

आंबेमोहर

नियम पाठ आहेत तुम्हाला. पण संस्था बंद पडली असेल तर काय करायचं? फाइल भिजली, हरवली, "त्या वर्षाचं रजिस्टर नाही", ही उत्तरं कुठल्या नियमात बसतात? आणि सरेंडर डीडवरचं नाव खरंच असतं असं कशावरून? लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी खरा पत्ता लिहून देईल? घरच्यांनीच तिला दुसऱ्या शहरात ठेवलेलं असायचं, नावही बदललेलं.

न्यायालयाचं म्हणाल, तर परदेशी दत्तकाबद्दलच्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 1984 च्या निकालातच असे अर्ज बंद दाराआड चालवावेत आणि हुकूम झाला की कागद सीलबंद करावेत असं म्हटलंय. क्रमांक हाती असला तरी न्यायालयाची परवानगी लागते. माहिती अधिकार तर नागरिकांपुरता. स्वीडनमध्ये किंवा हॉलंडमध्ये वाढलेल्याकडे भारताचं नागरिकत्व राहिलेलंच नसतं, परदेशस्थ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. कागद खोटं बोलतात, रक्त बोलत नाही. पाणवठा यांचं डीएनएबद्दलचं म्हणणं बरोबर आहे.

गुणसूत्र

रक्त खोटं बोलत नाही, पण आकडे वाचणारा चुकतो. आई-मुलाचं नातं असेल तर साधारण 3400 सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं माप) जुळतात, आई किंवा बाप एकच असलेल्या सावत्र भावंडांत 1750 च्या आसपास, सख्ख्या चुलत-मामे भावंडांत 850 च्या आसपास, दुसऱ्या पिढीच्या चुलत भावंडांत 230 च्या आसपास. हे तक्ते युरोपीय कुळांवरून बसवलेले आहेत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झाली. त्यामुळे दहा पिढ्यांपूर्वीचे बारीक तुकडे सगळ्यांशी जुळतात आणि बेरीज फुगते. 120 ची जुळणी दिसली म्हणून पणजोबा शोधायला धावू नका. सगळ्यात लांब तुकडा केवढा ते पाहा. दहा-बारा बारीक तुकड्यांची बेरीज असेल तर नातं लांबचं. एकच तुकडा चाळीस-पन्नासचा असेल तर त्यात काही अर्थ आहे.

शिवाय मुळात भारतीयांची संख्याच या डीएनए कंपन्यांच्या नोंदींमध्ये कमी, आणि जे आहेत त्यांत अमेरिकेत स्थायिक झालेले जास्त. खेड्यातली आई किंवा मामा तिथे कुठून येणार?

देशावरचा

मामेबहिणीशी लग्न होतं हे तुम्ही सोडूनच दिलंत. देशस्थ, मराठा, कुणबी अशा कितीतरी समाजांत मामाची मुलगी चालते. म्हणजे जुळणीचे आकडे अजून बिघडणार.

गुणसूत्र

सोडलं नव्हतं, तिकडेच येत होतो. आई-वडील आते-मामे भावंडं असतील तर मुलाच्या जनुकांत दोन्हीकडून सारखेच आलेले तुकडे साधारण 210 सेंटिमॉर्गन निघतात. जेडमॅच या डीएनए जुळणीच्या संकेतस्थळावर आई-वडील नात्यातले होते का हे तपासायची वेगळी सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालवा. आकडा मोठा आला तर पुढच्या बऱ्याच जुळण्या आईकडच्या की वडिलांकडच्या हे वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही बाजू काही अंशी एकच असतात.

आंबेमोहर

म्हणजे निरुपयोगी? चित्पावनांत ती रीत नाही, तिथे तर आकडे नीट बसतील! सगळ्या महाराष्ट्राला एकाच मापानं मोजू नका.

गुणसूत्र

रीत नसली तरी जातीतलं लग्न आहेच, फुगवटा थोडा कमी इतकंच. आणि सापडलेल्या मुलाची जात कोणती हे तुम्हाला आधी कळणार कसं? आडनावावरून? ते तर दत्तकपालकांचं. निरुपयोगी म्हटलेलं नाही. मुलगा असेल तर त्याचं एक्स गुणसूत्र पूर्ण आईकडून आलेलं असतं, तिथे मोठी जुळणी मिळाली तर बाजू नक्की कळते. हे कागदात कधीच मिळत नाही, एवढं जुनीनक्कल यांनीही मान्य करावं.

आणि एक गंभीर गोष्ट. तो आकडा 210 ऐवजी आठशेच्या घरात गेला तर त्याचा अर्थ आई-वडील हे आपसांत बाप-लेक किंवा सख्खे बहीण-भाऊ असा निघतो. एकट्यानं रात्री स्क्रीनवर वाचायची ती गोष्ट नाही. समुपदेशक आधी गाठा, चाचणी मग.

रानजाई

पन्नास प्रतिसाद सेंटिमॉर्गनवर झाले, आईवर एक नाही. चाळीस वर्षांपूर्वी जिनं मूल सोपवलं तिचं पुढे लग्न झालं, सासर आहे, मुलं आहेत, आणि त्यांतल्या कुणालाच हे ठाऊक नाही. तुम्ही भाच्याच्या जुळणीवरून तिच्या गल्लीपर्यंत पोचता तेव्हा तिची संमती कुठे असते? नियमांत हेच लिहिलंय: सोपवताना आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती घ्यायची. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही तर मूल का सोपवलं, कोणत्या परिस्थितीत, एवढं मुलाला सांगायचं. दत्तक मुलाच्या हक्कानं आईच्या खाजगीपणावर घाला पडता कामा नये हे स्पष्ट शब्दांत आहे.

आंबेमोहर

आणि त्या मुलाचा हक्क? त्यानं काही सही केली नव्हती! 1984 च्याच निकालात सज्ञान झाल्यावर मुलानं जन्मदात्यांबद्दल विचारलं तर सांगायला गंभीर हरकत नसावी असंही आहे. ती ओळ संस्था कधी वाचत नाहीत. कुलमुखत्यारपत्र दिलेल्या माणसालाही तिऱ्हाईत म्हणून हाकलतात. मराठी न येणाऱ्यानं झुरिकहून स्वतः येऊन बालकल्याण समितीसमोर बसायचं का?

जुनीनक्कल

कुलमुखत्याराबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, हे मी मान्य करतो. तोवर वाट अशी: अर्ज स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीचा, ओळखपत्रासह. मदतनीस दुभाषा म्हणून शेजारी बसू दे, अर्जदार म्हणून नको. एक्स गुणसूत्राचंही मान्य. पण डीडवर नाव खोटं असलं तरी तालुका आणि तारीख बऱ्याचदा खरी असते. नाव खरं वाटत असेल तर तहसील कचेरीतल्या कोतवाल बुकात (गावातल्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीत) आईच्या स्वतःच्या जन्माची नोंद पाहता येते. मात्र तिथे बऱ्याचदा नुसतं "मुलगी" आणि बापाचं नाव असतं, हे धरून चला. आणि ती नक्कल घेऊन गावात जायचं नाही.

पाणवठा

"माणूस नेमा" हे वाक्य मी मागे घेतो. डीएनएचं घेत नाही. बेवारस सापडलेल्याच्या आईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, हे तुम्हीच वर लिहिलंत.

रानजाई

मग पत्राचं तरी ठरवा. आईला पहिलं पत्र मराठीत, एका पानाचं, बंद पाकिटात, संस्थेच्या समाजसेविकेच्या हाती. फोटो नाही, परत भेटायचा आग्रह नाही, आणि घरच्या पत्त्यावर टपालानं तर कधीच नाही. घरात पाकीट कोण फोडेल ते तुम्हाला माहीत नसतं.