शब्दचर्चा : ‘सक्रिय’ मायक्रोग्लिया, ‘ताण’ आणि नर-मादी यांतील फरक

विचारणा

एका आरोग्यविषयक मासिकासाठी मेंदूविज्ञानावरील लेख मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. लेखाचा आधार अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरा वेलमन यांच्या प्रयोगशाळेतून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हा आहे. उंदरांना एकदाच किंवा बरेच दिवस रोज काही काळ अरुंद जागेत अडकवून ठेवल्यावर त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील मायक्रोग्लियांमध्ये, म्हणजे मेंदूतील प्रतिकारपेशींमध्ये, काय बदल होतो, हे त्यात नर आणि माद्या या दोहोंत तपासले आहे. मासिकाकडून मथळा सुचवला गेला आहे तो असा : ‘तणावामुळे मेंदूतील सैनिक पेशी सक्रिय, महिलांवर परिणाम अधिक’. या मथळ्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द मला खटकतो. मायक्रोग्लियाला रूढ मराठी शब्द आहे का, ‘तणाव’ बरोबर की ‘ताण’, आणि ‘सक्रिय’ हा शब्द येथे चालेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपले खटकणे रास्त आहे. सर्वांत जास्त घोटाळा ‘सक्रिय’ या शब्दाने होतो, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करतो. मात्र त्याआधी पेशीच्या नावाविषयी.

‘ग्लिया’ हा शब्द ग्रीक भाषेत डिंक किंवा सरस या अर्थाचा आहे. चेतापेशींना एकत्र धरून ठेवणारा हा निव्वळ भराव असावा, अशा समजुतीने रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तो वापरात आणला. पुढे १९१९ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून या भरावातील एक अगदी निराळा पेशीगट वेगळा काढला आणि त्याला मायक्रोग्लिया हे नाव दिले. या पेशी भ्रूणावस्थेच्या आरंभी पीतककोशात (भ्रूणाला जोडलेल्या एका पिशवीत) जन्माला येतात आणि तेथून मेंदूत येऊन वसतात, म्हणजे कुळाने त्या चेतापेशींच्या नव्हे तर रक्तातील भक्षकपेशींच्या नात्यातल्या आहेत. त्यामुळे ‘सूक्ष्मश्लेषपेशी’ यासारखा शब्द घडवला, तर फिरखो यांच्या काळातील गैरसमज आपण नव्याने मराठीत रुजवू. ‘मायक्रोग्लिया पेशी’ असेच लिहावे, पहिल्या उल्लेखात ‘मेंदूत कायम वास्तव्य करणाऱ्या प्रतिकारपेशी’ एवढे स्पष्टीकरण जोडावे, आणि शब्दाचे व्याकरणातील लिंग ‘पेशी’ या शब्दाप्रमाणे स्त्रीलिंगी ठेवावे. ‘सैनिक पेशी’ मात्र टाळावे. या पेशी जंतूंशी लढतात हे खरे. पण वाढत्या मेंदूतील नको असलेले चेतासंधी (चेतापेशींमधील जोड) छाटणे, मेलेल्या पेशी उचलणे आणि शेजारच्या चेतापेशींशी रासायनिक संवाद राखणे ही त्यांची रोजची कामे आहेत, आणि ताणाच्या संदर्भात महत्त्व या कामांनाच आहे.

आता ‘सक्रिय’. हा शब्द वापरला की त्याआधी त्या पेशी निष्क्रिय होत्या असे वाचक धरून चालतो. पूर्वी शास्त्रज्ञही ‘विश्रांत’ आणि ‘सक्रिय’ अशा दोनच अवस्था मानत असत. परंतु २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा निरोगी मेंदूतही या पेशींच्या बारीक शाखा काही मिनिटांतच फुटताना आणि आखडताना, सतत आसपासचा भाग चाचपताना दिसल्या. विश्रांत म्हणावी अशी अवस्था आढळलीच नाही. पुढे २०२२ मध्ये या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात एकत्रित भूमिका मांडून ही दुहेरी विभागणी सोडून द्यावी आणि प्रत्यक्ष जे मोजले तेच लिहावे, असे आवाहन केले. म्हणजे ज्या शब्दाविषयी मूळ क्षेत्रातच असा आक्षेप घेतला गेला आहे, तो मराठीत निःशंकपणे मथळ्यावर चढवणे योग्य होणार नाही.

आपल्या हातातील अभ्यासात तर या शब्दाने निष्कर्षच उलटा होतो. त्यात पेशींच्या आकारावरून चार गट केले आहेत. मराठीत त्यांना शाखायुक्त, सज्ज, प्रतिक्रियाशील आणि अमीबासदृश म्हणता येईल. पेशीदेह लहान आणि शाखा लांब, नाजूक असतील तर ती शाखायुक्त. देह फुगलेला आणि शाखा जाडसर असतील तर ती सज्ज. शाखा आखूड झाल्या तर प्रतिक्रियाशील. आणि शाखा जवळजवळ नाहीशा होऊन पेशी गोलसर झाली तर अमीबासदृश. ताण न दिलेल्या माद्यांमध्ये शाखायुक्त पेशींच्या तुलनेत सज्ज पेशींचे प्रमाण नरांपेक्षा मुळातच अधिक होते. ताण दिल्यावर, तो एकदाच दिलेला असो की दीर्घकाळ, माद्यांमधील हे प्रमाण घटले. नरांमध्ये लक्षणीय बदल दिसला नाही. मग ‘सक्रिय’ कोण झाले? मथळा वाचून वाचकाला वाटेल की ताणाने महिलांच्या मेंदूत दाह भडकतो, आणि प्रत्यक्षात मोजलेले आहे ते मादीच्या मेंदूतील सज्ज पेशींचे कमी होणे.

पूरक विचारणा

हे वाचून मूळ लेख पुन्हा पाहिला. ‘सक्रिय’ काढून टाकते. परंतु नरांत फरक पडला नाही आणि माद्यांत पडला, तर ‘परिणाम अधिक’ असे म्हणण्यास काय हरकत आहे? शिवाय स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट असते, याचाही उल्लेख लेखात आहे.

प्रतिसाद

‘अधिक’ आणि ‘वेगळा’ हे दोन शब्द येथे काटेकोरपणे निराळे ठेवायला हवेत. ‘अधिक’ म्हणण्यासाठी दोन्हीकडे एकच गोष्ट, एकाच दिशेने, कमी-जास्त प्रमाणात घडावी लागते. येथे आरंभबिंदूच वेगळे आहेत. हे वेगळेपण फार लवकर सुरू होते : मेरीलँड विद्यापीठात मार्गारेट मॅकार्थी यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की नवजात नर उंदरांच्या मेंदूत, पुढे नराचे लैंगिक वर्तन ज्यावर अवलंबून असते त्या भागात, अमीबासदृश मायक्रोग्लिया माद्यांपेक्षा जास्त असतात, आणि तो भाग नराच्या धर्तीवर घडण्यासाठी या पेशींची गरज असते. दुसरे उदाहरण ताणाचे नसून वेदनेचे आहे, पण ‘वेगळा’ या शब्दाचा नेमका अर्थ त्याने उलगडतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेफ्री मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे दाखवले की चेतातंतूला इजा झाल्यावर नर आणि मादी दोघांनाही वेदना सारखीच जाणवते. परंतु मज्जारज्जूतील मायक्रोग्लियांचे काम रोखले की नराची वेदना उतरते, मादीची उतरत नाही, कारण तिच्यात तेच काम टी-पेशींकडून (दुसऱ्या एका प्रकारच्या प्रतिकारपेशींकडून) होत असल्याचे संकेत मिळाले. परिणाम सारखा, मार्ग निराळा. अशा निष्कर्षाला ‘कमी’ही म्हणता येत नाही आणि ‘अधिक’ही नाही.

नैराश्याच्या आकड्याबाबत एवढेच की तो माणसांचा आहे आणि पेशींचे निरीक्षण उंदरांचे आहे. दोन्ही वाक्ये लेखात राहू द्यावीत, परंतु ‘त्यामुळे’ या शब्दाने जोडू नयेत.

आणखी एक प्रतिसाद

‘महिला’ या शब्दाविषयी लिहावेसे वाटते, कारण वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्यांत ही चूक वारंवार होते. महिला, स्त्री, पुरुष हे शब्द माणसांचे. प्राण्यांवरील अभ्यासाला नर आणि मादी हेच शब्द हवेत, मथळ्यातसुद्धा. यात मादीचा किंवा स्त्रीचा अवमान नाही; कोणावर प्रयोग झाला हे सांगण्याचा तो सरळ मार्ग आहे. तसेच ‘लिंगभेद’ या शब्दाला मराठीत भेदभावाची छटा चिकटलेली असल्याने ‘नर-मादींमधील फरक’ किंवा ‘लिंगानुसार फरक’ असे लिहावे. ‘लिंगभाव’ हा शब्द समाजाने घडवलेल्या स्त्रीत्व-पुरुषत्वासाठी रूढ झाला आहे. उंदरांच्या बाबतीत तो गैरलागू आहे. शब्दांची ही काळजी घ्यावी असे आग्रहाने म्हणतो, कारण मेंदूविज्ञानातील प्राण्यांचे प्रयोग दीर्घकाळ प्रामुख्याने नरांवरच होत आले, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून लिंग हा घटक विचारात घेण्याची अपेक्षा संशोधकांपुढे ठेवली. इतक्या उशिरा मिळू लागलेली माहिती मराठीत येताना धूसर होऊ नये.

‘ताण’ की ‘तणाव’ हा प्रश्न सोपा आहे. दोन गटांतील किंवा दोन देशांतील तो तणाव. मनावर किंवा शरीरावर पडतो तो ताण. पदार्थविज्ञानात ‘प्रतिबल’ हा वेगळा शब्द असल्याने गोंधळाचा संभव नाही. येथे ‘ताण’ लिहावे, आणि तो कसा दिला हेही एका वाक्यात सांगावे, कारण अरुंद नळीत अडकलेल्या उंदराचा ताण आणि कार्यालयातील कामाचा ताण यांना एकच शब्द असला तरी वाचकाच्या डोळ्यांसमोर दुसराच येतो.

विचारणा करणाऱ्यांकडून

आभारी आहे. मथळा असा करत आहे : ‘ताणाचा मायक्रोग्लियांवर परिणाम : नर आणि मादी उंदरांत वेगवेगळे चित्र’. शेवटची शंका ‘उंदीर’ या शब्दाची. वेलमन यांचा अभ्यास ‘रॅट’ या मोठ्या प्राण्यावर आहे आणि मोगिल यांचा ‘माउस’ या लहान प्राण्यावर. मराठीत दोन्ही उंदीरच.

प्रतिसाद

मोठ्यासाठी ‘घूस’ वापरू नये, तो वेगळा प्राणी आहे. मथळ्यात ‘उंदीर’ पुरेसे आहे. मजकुरात पहिल्या उल्लेखाला ‘रॅट जातीचे मोठे उंदीर’ आणि ‘माउस जातीचे लहान उंदीर’ असे लिहून पुढे ‘मोठे उंदीर’, ‘लहान उंदीर’ असा भेद कायम राखावा. दोन्ही प्राण्यांतील निष्कर्ष एकाच परिच्छेदात येत असतील, तर प्रत्येक वाक्यात प्राणी कोणता ते पुन्हा सांगावे. वाक्य थोडे जड होईल, ते होऊ द्यावे.